कागदावरचे रसायनगृह

जी वास्तू कधी उभीच राहिली नाही, तिच्या नकाशात विद्या कोणासाठी, या प्रश्नावरचा एक वाद जसाच्या तसा जपला गेला आहे. रोथेनबुर्ग नगरीचा वैद्य व शाळाधिकारी आंद्रेआस लिबाव्हिउस याने १५९७ सालच्या आपल्या रसायनग्रंथाची भाष्ययुक्त आवृत्ती १६०६ साली काढली, आणि तीत आदर्श रसायनगृहाचा तलविन्यास व दर्शनी भाग रेखाटून ज्योतिर्विद ट्युको ब्राहेच्या 'उरानिबोर्ग' या प्रासादाला उघड आव्हान दिले.

डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ साली व्हेन हे बेट ब्राहेला जहागीर दिले. तेथील रयतेकडून वेठ घेऊन त्याने 'उरानिबोर्ग' हा जो प्रासाद उभारला, त्याच्या माथ्यावर वेधयंत्रे होती आणि भट्ट्या तळघरात. रसायनाला तो भूलोकीचे ज्योतिष म्हणत असे. मात्र त्यातील आपले निष्कर्ष सर्वांसमोर मांडण्याची त्याची तयारी नव्हती, ते राजेरजवाडे, सरदार आणि निवडक पंडित यांच्यापुरतेच राखावेत असे त्याचे मत होते.

लिबाव्हिउसला हा एकांतवास मान्य नव्हता. त्याचा रसायनज्ञ नगरात, कुटुंबवत्सल गृहस्थ म्हणून राहतो आणि आपल्या विद्येने मित्रांच्या, नागरिकांच्या व देशाच्या उपयोगी पडतो. म्हणून आराखड्यात मुख्य प्रयोगशाळेच्या जोडीला धातूंच्या पारखीची खोली, तिच्यात तराजू आणि कस लावण्याच्या भट्ट्या, द्रावणे गोठवून स्फटिक करण्याची वेगळी जागा, औषधांचे दालन, सरपणाचे कोठार, स्नानगृह, इतकेच नव्हे तर मद्याचे तळघरही आहे. लाकूड कोठे रचावे याचा जो विचार करतो, त्याने भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या नोकराचाही विचार केलेला असतो. या नकाशाविषयी मला आदर वाटतो तो मुख्यतः यासाठी.

तथापि याच घराच्या आतल्या भागात त्याने स्वामीसाठी एक गुप्त कक्ष राखला आहे. नागरिकांना मोकळे घर हवे असे आग्रहाने सांगणाऱ्या माणसालाही गुह्य प्रयोगांसाठी आडोसा हवासा वाटावा, याला मी दांभिकपणा म्हणणार नाही. ज्या विद्येत सिद्धी आणि फसवणूक यांची सीमारेषाच अद्याप निश्चित झालेली नव्हती, तिच्या उपासकाला सर्वच कवाडे उघडी टाकणे परवडणारे नव्हते. ब्राहेशी असलेला त्याचा मतभेद गुप्ततेच्या अस्तित्वाविषयी नव्हता, तर घराचा किती भाग तिच्या स्वाधीन करावा याविषयी होता, असे माझे मत आहे.

ब्राहेने १५९७ साली व्हेन सोडले, १६०१ साली प्राग येथे तो वारला, आणि पुढे त्याचा प्रासादही पाडण्यात आला. लिबाव्हिउसच्या घराचा तर पायाही कधी खणला गेला नाही. या विद्येला उघडे घर मिळाले ते दुसरीकडेच: वैद्यकीय रसायनाचे पहिले अध्यासन मारबुर्ग विद्यापीठात १६०९ साली हेसचा अधिपती मोरिट्झ याच्या आश्रयाने स्थापन झाले. त्यावर नियुक्ती झाली ती योहानेस हार्टमान याची, आणि वैद्य व रसायनज्ञ पॅरासेल्सस याच्या पंथातला म्हणून या हार्टमानवर लिबाव्हिउसने पुढे जाहीर टीका केली.