अस्तर बाहेर आलं की

भातलावणीचे दिवस होते. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कामानिमित्त बसलो होतो. समोरच्या खाटेवरचा माणूस एवढंच सांगत होता, की बांधावर पाय पडला आणि काहीतरी चावलं. साप त्याने पाहिलाच नव्हता. सिस्टरनी त्याच्या शिरेतून दोन मिलीलीटर रक्त काढलं, काचेच्या साध्या नळीत सोडलं, नळी खिडकीजवळच्या स्टँडमध्ये उभी केली आणि घड्याळात पाहिलं. "वीस मिनिटं कोणी हात लावू नका हं," म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

वीस मिनिटांनी नळी एकदाच आडवी करायची. रक्त दह्यासारखं लागलेलं असेल तर तूर्त थांबायचं आणि काही वेळाने पुन्हा तपासायचं. पाण्यासारखं वाहिलं तर चावणारी घोणस असणार किंवा फुरसं, आणि प्रतिविष लगेच सुरू करायचं. एवढी स्वस्त आणि एवढी मोलाची चाचणी वैद्यकात फारशी सापडणार नाही.

या चाचणीची एक अट मात्र कडक आहे. नळी काचेचीच हवी, कोरडी हवी, आणि साबणाने धुतलेली चालत नाही. काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतप्रभार असतो. तो भेटला की रक्तातला एक घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. जखमेत काच नसते, तिथे सुरुवात वेगळ्या वाटेने होते. पण साखळीच्या पुढच्या टप्प्यांना ऋणप्रभाराचा पृष्ठभाग लागतोच, नळीतही आणि जखमेतही. तो पुरवतात आपल्याच पेशी. एरवी तो त्यांनी आतल्या बाजूला दडवून ठेवलेला असतो, शालूच्या अस्तरासारखा.

या अस्तराचं नाव फॉस्फॅटिडिलसेरिन. जिभेला वळसे देणारं नाव आहे, म्हणून पुढे नुसतं पीएस म्हणू. रचना सोपी आहे. मधे ग्लिसरॉलचा छोटा कणा. त्याला मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या, ज्यांचं पाण्याशी वैर. दुसऱ्या टोकाला फॉस्फेट आणि फॉस्फेटला चिकटलेलं सेरिन नावाचं अमिनो आम्ल. सेरिन पहिल्यांदा मिळालं ते रेशमातल्या प्रथिनातून, १८६५ साली, आणि त्याचं नावही लॅटिनमधल्या रेशमाच्या शब्दावरून पडलं. म्हणजे अस्तर रेशमी आहे म्हणायला हरकत नाही. डोक्याकडच्या या भागात प्रभारांची बेरीज-वजाबाकी केली की एक ऋणप्रभार शिल्लक उरतो. पुढची सगळी गोष्ट त्या एका उरलेल्या ऋणाची आहे.

पेशीचं पटल अशा रेणूंच्या, म्हणजे फॉस्फोलिपिडांच्या, दोन थरांचं असतं. शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी बाहेर पाण्याकडे. जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. हे दोन थर मोजले हॉलंडमध्ये लायडन इथे खोर्टर आणि ग्रेंडल यांनी, १९२५ साली. त्यांनी तांबड्या पेशींमधला स्निग्ध भाग ॲसिटोनने काढला, तो पाण्यावर एकपदरी पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. निष्कर्ष बरोबर, पण हिशेबात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा स्निग्धांश निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर जमलं. परीक्षेत असं आपल्यापैकी पुष्कळांचं झालं असेल. त्यांचं पाठ्यपुस्तकात गेलं.

हे दोन थर एकसारखे नाहीत हे कळायला आणखी जवळजवळ अर्धशतक गेलं. तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट घेतली, तर पटलातल्या फॉस्फोलिपिडांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास पीएस असतं, आणि ते जवळजवळ सगळं आतल्या थरात. बाहेरच्या थरात प्रामुख्याने कोलीनवाली फॉस्फोलिपिडं, ज्यांचा निव्वळ प्रभार शून्य. रक्ताला दिसतो तो हा बिनप्रभाराचा, निरुपद्रवी चेहरा.

पण पटल ही काही भिंत नाही. एकाच थरातला रेणू शेजाऱ्याशी जागा बदलतो तो सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा. आतून बाहेर जाणं मात्र कठीण. प्रभारित डोकं तेलकट शेपट्यांच्या रानातून ओढत न्यावं लागतं, आणि आपणहून असं क्वचितच घडतं. क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे. म्हणून पेशीने राखणदार नेमलेला आहे. त्याचं नाव फ्लिपेज. चुकून बाहेर गेलेला पीएसचा रेणू पकडून तो पुन्हा आत घालतो आणि प्रत्येक खेपेला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चतो. पॅरिसमध्ये सेन्यरे आणि द्वो यांनी १९८४ साली तांबड्या पेशींत हे काम पकडलं. आपण जे खातो त्यातला काही वाटा, रोज, जन्मभर, या आवराआवरीवर जातो.

आता बोटाला विळी लागली असं समजा. प्लेटलेट जखमेशी येऊन चिकटते. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त असतं. दार उघडताच ते आत घुसतं. त्याने दोन गोष्टी एकदम होतात. फ्लिपेज थंडावतं, आणि आजवर गप्प बसलेलं स्क्रॅम्बलेज नावाचं प्रथिन जागं होतं. स्क्रॅम्बलेजला दिशा कळत नाही, ऊर्जाही लागत नाही. ते नुसती वाट करून देतं, आणि आतबाहेरचे रेणू यात्रेतल्या गर्दीसारखे मिसळतात. बघता बघता प्लेटलेटचं अस्तर बाहेर.

या स्क्रॅम्बलेजचं जनुक जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने २०१० साली शोधलं. पुरावा एका फार दुर्मीळ आजाराने दिला, स्कॉट सिंड्रोमने. या रुग्णांमध्ये प्लेटलेट्सची संख्या व्यवस्थित असते, तरी रक्त थांबत नाही. बिघाड नेमका त्याच जनुकात निघाला. प्लेटलेट्स जखमेवर येतात, चिकटतात, पण अस्तर बाहेर काढता येत नाही.

अस्तर बाहेर येऊन होतं काय? रक्तात गोठण्याचे घटक विखुरलेले असतात. त्यांतल्या काहींच्या एका टोकाला ग्लूटामिक आम्लाची खास बदललेली रूपं असतात, जी कॅल्शियम धरून ठेवतात. प्रोथ्रोम्बिन नावाच्या घटकावर अशा दहा जागा आहेत. कॅल्शियम धन, पीएस ऋण; घटक बटणासारखे पृष्ठभागावर लागतात. हा बदल घडवायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं. नवजात बाळाला त्याचं इंजेक्शन देतात ते यासाठी, आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्या आजोबांना "मेथी-पालक खा, पण रोज साधारण तेवढंच खा" असं डॉक्टर बजावतात तेही यासाठीच.

पृष्ठभागावर दहाव्या आणि पाचव्या क्रमांकाचे घटक शेजारी शेजारी आले, की प्रोथ्रोम्बिनपासून थ्रोम्बिन, म्हणजे गुठळी घडवणारं विकर, बनण्याचा वेग एकट्या दहाव्या घटकाच्या तुलनेत सुमारे तीन लाख पट होतो. हिशेब करून पाहा. जे काम इथे एका मिनिटात होतं, त्याला एरवी सात महिने लागले असते. यात नवं रसायन कुठलंच आलेलं नाही. ज्यांना भेटायचं होतं त्यांना बसायला ओटा मिळाला, एवढंच. आणि तो ओटा फक्त जखमेपाशी असतो, म्हणून अंगभर रक्त गोठत नाही.

आता खिडकीतल्या नळीकडे परत येऊ. घोणशीच्या विषात एक विकर दहाव्या घटकाला थेट चालू करतं, दुसरं पाचव्याला. साखळीच्या वरच्या कड्या वगळून विष मधूनच शिरतं. पुढचं थ्रोम्बिन आपलाच ओटा वापरून बनतं. अंगभर बारीक गोठणं सुरू होतं, त्यात घटक संपून जातात, आणि नळीत पडतं ते गोठण्याची पुंजी उधळून बसलेलं रक्त. कोकणातलं फुरसं याहून धीट. त्याच्या विषातलं इकॅरिन नावाचं विकर सरळ प्रोथ्रोम्बिनवरच घाव घालतं. त्याला ना कॅल्शियम लागतं, ना फॉस्फोलिपिड. शिवाय विषात फॉस्फोलिपेज असतं, जे फॉस्फोलिपिडाच्या दोन शेपट्यांपैकी एक कापतं. उरलेला एकशेपटी रेणू साबणासारखा वागतो आणि पटलाला भोकं पाडतो. आपलं पटल कसं शिवलेलं आहे, हे सापांना आपल्याआधी लाखो वर्षं ठाऊक होतं.

घोणशीच्या विषाचा औषध म्हणून उपयोग लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या मदतीने झाला. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट आणि तरुण डॉक्टर ग्विन मॅकफार्लन यांनी निरनिराळी विषं रक्तावर लावून पाहिली. १९३४ साली त्यांनी जाहीर केलं, की घोणशीचं अतिशय पातळ केलेलं विष हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावलं तर रक्त थांबतं. त्या रुग्णांत साखळीची वरची कडी तुटलेली असते, आणि विष नेमकं तिच्या खाली शिरतं. याच मॅकफार्लननी १९६४ साली रक्त गोठण्याचं ‘धबधब्या’चं चित्र मांडलं, जे आजही वैद्यकाची मुलं पाठ करतात.

जखमेखेरीज आणखी एका वेळी अस्तर बाहेर येतं, आणि ती वेळ जास्त शांत आहे. अंदाज असा, की आपल्या शरीरात रोज सुमारे ३३० अब्ज पेशी जुन्या होऊन बदलल्या जातात. एवढी मढी उचलतं कोण? भक्षक पेशी. जिवंतांच्या गर्दीत मरणारी पेशी त्यांनी ओळखायची कशी, याचं उत्तर व्हॅलरी फॅडॉक आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दिलं. मरणपंथाला लागलेली पेशी पीएस बाहेर काढते. इथे कॅल्शियमची वाट पाहत नाहीत. पेशीतली कात्रीसारखी विकरं फ्लिपेज कापून कायमचं निकामी करतात आणि एका वेगळ्याच स्क्रॅम्बलेजला कापून चालू करतात. परतीचा रस्ता बंद. भक्षक पेशीला ही खूण काही वेळा थेट कळते, काही वेळा मध्यस्थामार्फत. त्यातला एक मध्यस्थ दुधातल्या स्निग्धकणांभोवतीच्या आवरणात सापडलेलं प्रथिन आहे. दुधाच्या सायीचा आणि मरणाचा असा संबंध असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येतं. ॲनेक्सिन-पाच नावाचं प्रथिन कॅल्शियमच्या साथीने पीएसला चिकटतं. त्याला हिरवा चकाकणारा रंग जोडून पेशींवर टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींभोवती हिरवं कडं उमटतं. पेशी अजून गोल, अखंड, धडधाकट दिसत असते. निरोप मात्र गेलेला असतो.

निरोप खोटाही असू शकतो. डेंग्यूचे विषाणू आपल्या आवरणावरचं पीएस दाखवून, मेलेल्या पेशीच्या वेषात, आपल्या पेशींत शिरतात. सिकलसेलच्या आजारात निरोप अवेळी जातो. विळ्यासारख्या वाकणाऱ्या तांबड्या पेशींचं अस्तर रक्तप्रवाहातच बाहेर पडतं. त्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चिकटतात, गोठणं वाढवतात, लवकर उचलल्या जातात. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या पाड्यांवर ज्या पोरांचे हातपाय रात्री ठणकतात, त्यांच्या दुखण्यात या रेणूचाही वाटा आहे.

औषधांच्या दुकानात हेच पीएस ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून कॅप्सूलमध्ये मिळतं. पूर्वी ते गाईगुरांच्या मेंदूतून काढत, आता सोयाबीनपासून करतात. अमेरिकेच्या एफडीएने २००३ साली वेष्टनावर दावा छापायची मुभा दिली खरी, पण त्याला पुरावा फार थोडा आहे हे तिथेच छापण्याच्या अटीवर. मी घेत नाही.

सर्वांत चक्रावणारी गोष्ट प्रसूतिशास्त्रातली आहे. काही स्त्रियांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात. त्यांतल्या काहींच्या रक्तात फॉस्फोलिपिडांवर बसणाऱ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं असतात. लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली या आजाराची मांडणी केली. अशा रुग्णांत शरीरात गुठळ्या जास्त होतात, आणि नळीत मात्र रक्त उशिरा गोठतं. कारण नळीतला ओटा प्रतिपिंडं अडवून बसतात आणि घटकांना जागा उरत नाही. शरीरात तीच प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी आणि प्लेटलेट्स चिथावतात.

ही प्रतिपिंडं पकडायची कशी? निळ्या टोपणाच्या नळीत, सायट्रेटमध्ये रक्त घेतात, त्यातला द्रव वेगळा करतात. त्यात मुद्दाम तुटपुंजं फॉस्फोलिपिड घालतात, कॅल्शियम घालतात, आणि घोणशीचं पातळ केलेलं विष. दहावा घटक चालू होतो. आता ओटा मोकळा असेल तर गुठळी वेळेत होते, अडवलेला असेल तर उशीर. उशीर झाला की दुसऱ्या खेपेला फॉस्फोलिपिड भरपूर घालतात; प्रतिपिंडं पुरी पडत नाहीत, आणि वेळ पुन्हा आखडते. खात्री पटते. मग बहुधा रोज एक छोटी ॲस्पिरिन आणि पोटावर हेपरिनची टोचणी, गर्भारपण संपेपर्यंत.

रिपोर्टवर ही चाचणी पाच इंग्रजी अक्षरांत असते, डी-आर-व्ही-व्ही-टी. त्यातला ‘आर’ म्हणजे रसेल, ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गअभ्यासक, ज्याच्या नावाने इंग्रजीत आपली घोणस ओळखली जाते. पहिला ‘व्ही’ म्हणजे व्हायपर, दुसरा व्हेनम. पुण्या-मुंबईच्या लॅबबाहेर बाकड्यावर तो कागद घेऊन बसलेल्या बाईला हे बहुतेक कोणी सांगत नाही. ती फक्त आकड्याखालची रेघ बघते आणि डॉक्टरांना फोन लावते.