हिंमतराव बावस्कर

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर (जन्म: ३ मार्च १९५१) हे महाराष्ट्रातील वैद्य व वैद्यकीय संशोधक आहेत. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारे परिणाम आणि त्यांवरील उपचार यांसंबंधीच्या संशोधनासाठी ते ओळखले जातात. भारत सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर केला.

शिक्षण व सेवा

बावस्कर यांचा जन्म आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या गावी झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.बी.बी.एस. ही पदवी घेतली. १९७६ मध्ये ते रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्यावर ते पुन्हा याच परिसरात परतले. पुढे त्यांनी महाड येथे रुग्णालय सुरू केले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या अनेक शोधनिबंधांच्या सहलेखिका आहेत.

संशोधनाची पार्श्वभूमी

लाल विंचू (हॉटेंटोटा टॅम्युलस, पूर्वीचे नाव मेसोबुथस टॅम्युलस) कोकणात सर्वत्र आढळतो. महाड, पोलादपूर आणि त्यांच्या दक्षिणेकडील रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, खेड, दापोली या तालुक्यांच्या परिसरात जांभ्या दगडांच्या फटी, गवताचे भारे व लाकडांचे ढीग या त्याच्या आसऱ्याच्या जागा होत. त्यामुळे शेतकरी, मजूर व लहान मुले यांना दंशाचा धोका अधिक असतो.

त्या काळी दंशाच्या रुग्णांना ॲट्रोपिन, स्टेरॉइड किंवा गुंगीची औषधे दिली जात. तरीही गंभीर रुग्ण दगावत. बावस्कर यांनी रुग्णांजवळ थांबून त्यांची नाडी, रक्तदाब व लक्षणे यांची नोंद ठेवली. मृत्यूचे कारण दंशाच्या जागी नसून हृदयात आहे, हे या नोंदींतून स्पष्ट झाले. ओकारी, दरदरून घाम, लाळ गळणे, हातपाय गार पडणे व पुरुषांत शिश्नाची सततची ताठरता ही धोक्याची पूर्वलक्षणे असल्याचे त्यांनी १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले.

विषाचा हृदयावरील परिणाम

नेहमीचा हृदयविकार धमन्यांत कोलेस्टेरॉलचे थर साचून अनेक वर्षांत उद्भवतो. विंचूदंशात मात्र निरोगी हृदय काही तासांत निकामी होऊ शकते. विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग दीर्घकाळ उघडे राहतात आणि ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व हृदयावर असह्य भार येतो. अखेरीस डावी जवनिका दुर्बल होऊन फुफ्फुसांत पाणी साचते.

प्राझोसिनचा वापर

रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार कमी करणे, हा बावस्कर यांच्या उपचाराचा गाभा होय. आरंभी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. मात्र हे औषध शिरेवाटे द्यावे लागते व रुग्णावर अखंड देखरेख ठेवावी लागते. ग्रामीण केंद्रात ते अवघड होते. त्यानंतर त्यांनी उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध निवडले. ते स्वस्त असून गोळीच्या रूपात देता येते. यासंबंधीचा निबंध १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवणे आवश्यक असते.

बावस्कर यांच्या नोंदींनुसार, गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ४० टक्के होते. प्राझोसिनच्या वापरानंतर ते सुमारे १ टक्क्यावर आले.

प्रतिविषाची चाचणी

प्राझोसिन विषाचे परिणाम रोखते, पण विष नष्ट करत नाही. म्हणून बावस्कर दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्णतः लक्षणमुक्त झाले. प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे यातून दिसून आले.

लेखन

‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे बावस्कर यांचे मराठी आत्मचरित्र आहे.