प्रोग्रामचीही फेरफार नोंदवही

केडगावच्या शिवारातील एखाद्या गटाचा जुना, हस्तलिखित सात-बारा उतारा हाती घेतला तर दोन गोष्टी चटकन नजरेत भरतात. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव पुसलेले नसते, त्याला कंस केलेला असतो. आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात एक क्रमांक असतो. तो फेरफाराचा क्रमांक. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही उघडली, की बदल कधी झाला, वारसाने झाला की खरेदीखताने, कोणाच्या अर्जावरून झाला हे सारे त्या क्रमांकाखाली सापडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार नोंद आधी होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत असल्यास ऐकली जाते आणि मगच ती प्रमाणित होते. सात-बारा ही जमिनीची आजची स्थिती. फेरफार हा तिथवर पोहोचल्याचा इतिहास.

संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी नेमकी हीच सोय स्वतःसाठी करून घेतली आहे. तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. मराठीत आवृत्ती-नियंत्रण म्हणता येईल. आज या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे ‘गिट’. ती मुळात कमांड लाइनवर, म्हणजे माऊसने चित्रांवर टिचक्या न मारता काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून चालवायची असते. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाला ती येणे गृहीत धरले जाते. मात्र अनेक विद्यार्थी अभ्यासक्रमातला प्रकल्प ‘प्रोजेक्ट’, ‘प्रोजेक्ट नवा’, ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘फायनल खरा’ अशा फोल्डरांतच पुरा करतात. त्यांतला कोणता खरोखर फायनल, हे सादरीकरणाच्या आदल्या रात्री त्यांनाही सांगता येत नाही.

उदाहरणादाखल असे समजू, की केडगाव परिसरातील दोन विद्यार्थ्यांनी एका दूध संकलन केंद्रासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहायला घेतला. सकाळ-संध्याकाळ दूध येते, लिटर, फॅट आणि एसएनएफ मोजले जाते, दरपत्रकानुसार रक्कम लागते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन त्यांनी ‘गिट इनिट’ अशी आज्ञा दिली (पडद्यावर ती अर्थातच रोमन अक्षरांत). एवढ्याने त्या फोल्डरमध्ये एक लपलेले दप्तर तयार होते. यापुढचा इतिहास त्यात साठणार असतो.

इथे नवशिक्याचा पहिला गोंधळ उडतो. फाइल साठवली म्हणजे गिटने नोंद घेतली, असे होत नाही. आधी ‘गिट ॲड’ म्हणून कोणते बदल नोंदीत घ्यायचे ते वेगळे काढावे लागतात. मग ‘गिट कमिट’ म्हणून नोंद पक्की होते. दोन पायऱ्या कशाला, असा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर छापखान्याच्या जुन्या रीतीत आहे, आणि केडगावला छापखाना नवा नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर इथल्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले. खिळे जुळवण्यापासूनचे काम तिथल्या स्त्रियांनी केले. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. खिळ्यांच्या छपाईत जुळारी आधी मजकूर जुळवतो, त्याचे मुद्रित निघते, ते तपासले जाते आणि मगच पान यंत्रावर चढते. गिटमधील ‘ॲड’ ही मुद्रित तपासण्याची जागा आहे. दिवसभरात दरपत्रकाची चूक सुधारली आणि पावतीची मांडणीही बदलली, तरी त्या दोन्हींच्या वेगवेगळ्या नोंदी करता येतात. छापखान्यात मात्र पान छापून खिळे सोडवून खान्यांत टाकले, की ती जुळणी गेली. गिटमध्ये कोणतीही जुनी जुळणी हवी तेव्हा पुन्हा उभी करता येते.

प्रत्येक कमिटसोबत एक ओळ लिहायची असते. बहुतेक जण तिथे ‘बदल केला’ असे लिहून मोकळे होतात. फेरफार नोंदवहीत तलाठ्याने (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असले, तरी गावात तलाठीच) नुसते ‘नाव बदलले’ असे लिहिले तर काय उपयोग? का बदलले, हेच तर पुढच्याला हवे असते.

या ओळीची किंमत बिल चुकल्यावर कळते. आपल्या उदाहरणात असे धरू, की सहा महिन्यांनी एका शेतकऱ्याने घरी लिहून ठेवलेले लिटर आणि केंद्राचे बिल जुळवून पाहिले आणि दहा दिवसांत जवळजवळ एक लिटर कमी भरले. तक्रार खरी निघाली. प्रोग्राम ७.४६ लिटर दूध ७.४ धरत होता, ८.३९ चे ८.३. दुसरा दशांश सरळ कापला जात होता. एका वेळेला सरासरी ४५ मिलिलिटर. दिवसातून दोनदा, दहा दिवसांत वीस वेळा, म्हणजे ९०० मिलिलिटर. केंद्रावर दोनशे उत्पादक असतील, तर दर दहा दिवसांच्या बिलात १८० लिटर दुधाचे पैसे कोणाच्याही मनात नसताना कापले गेले.

चूक दुरुस्त करणे पाच मिनिटांचे काम आहे. अवघड प्रश्न पुढचा: ही चूक कधीपासून? कोणत्या बिलांचा फरक द्यायचा? नुसत्या ‘फायनल’ फोल्डरांवरून हे शोधणे म्हणजे अंदाज बांधणे. गिटमध्ये त्यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञा आहे. आज हिशेब चुकतो आणि अमुक तारखेला बरोबर होता, एवढे तिला सांगायचे. ती मधली नोंद काढून समोर ठेवते. तिच्यावर ७.४६ लिटरची चाचणी घ्यायची आणि बरोबर की चूक ते सांगायचे. दर वेळी शोधाची हद्द निम्मी होते. मध्ये तीनशे नोंदी असल्या तरी आठ-नऊ चाचण्यांत नेमकी नोंद सापडते. मग ‘गिट शो’ ती ओळ दाखवते: अमुक दिवशी, अमुक विद्यार्थ्याने, ‘छापील पावतीच्या रकान्यात दोन दशांश मावत नाहीत म्हणून आकडा लहान केला’. हेतू फक्त छपाईचा होता; पण हात हिशेबाच्या ओळीला लागला. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण उरत नाही. नोंदीची तारीख मिळाली. ती दुरुस्ती केंद्राच्या संगणकावर कोणत्या दिवशी चढवली हे तिच्याशी ताडून पाहिले, की त्यानंतरची सगळी बिले पुन्हा काढता येतात.

हा इतिहास कोणी मागाहून बदलला तर? फेरफाराला क्रमाने पुढचा आकडा मिळतो. गिटच्या नोंदीला चाळीस अक्षरांची एक खूण मिळते. ती कोणी देत नाही, ती नोंदीच्या मजकुरातूनच गणिताने निघते. फायलींचा आशय, लेखकाचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या नोंदीची खूण हे सारे त्या गणितात धरलेले असते. जुन्या नोंदीतील एक स्वल्पविराम बदलला तरी तिची खूण बदलते, आणि साखळीमुळे पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. ज्याच्याकडे मूळ प्रत आहे त्याला ही लबाडी लगेच दिसते. हे गणित, म्हणजे एसएचए-१, अभेद्य नाही. २०१७ मध्ये संशोधकांनी एकच खूण असलेल्या दोन वेगळ्या फायली तयार करून दाखवल्या. त्यानंतर गिटमध्ये अशा फायली ओळखणारी तपासणी आली आणि २०२० पासून एसएचए-२५६ चा पर्यायही आहे. दूध केंद्राच्या हिशेबाला मात्र त्यापासून काळजी नाही.

ही कल्पना अर्थातच गिटपासून सुरू झालेली नाही. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही अशा प्रकारची आरंभीची प्रणाली लिहिली. पुढे आरसीएस, सीव्हीएस आणि सबव्हर्जन आल्या. सीव्हीएस आणि सबव्हर्जनमध्ये सारा इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर असे. लिनक्सच्या कर्नलचे काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या खासगी प्रणालीवर चालत होते. २००५ मध्ये वादातून तिचा मोफत वापर बंद झाला. तेव्हा लिनस टोर्वाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला गिटच्याच नोंदी गिटमध्ये होऊ लागल्या. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ती जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली. ‘गिटहब’ हे २००८ मध्ये सुरू झालेले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलेले संकेतस्थळ म्हणजेच गिट, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. गिटहब हे गिटच्या नोंदी ठेवण्याचे एक ठिकाण आहे. ते नसले तरी गिटचे काही अडत नाही.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने हा फरक शाब्दिक नाही. गिटमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहासाची प्रत असते. नोंद करायला, जुने पाहायला, दोन आवृत्तींतला फरक काढायला इंटरनेट लागतच नाही. ते लागते फक्त ‘गिट पुश’ आणि ‘गिट पुल’ला, म्हणजे आपल्या नोंदी दुसरीकडे पाठवायला आणि तिकडच्या आणायला. केडगावहून पुण्याच्या गाडीत बसलेला विद्यार्थी प्रवासभर कमिट करू शकतो. नेट पुरतेच नसेल तर ‘गिट बंडल’ आहे. सगळा इतिहास एका फाइलमध्ये बांधायचा, पेन ड्राइव्हवर घालायचा आणि मित्राच्या हाती द्यायचा. तो त्यातून तसाच्या तसा उलगडतो.

दोघांनी एकाच वेळी काम केले तर गिट दोघांचे बदल आपणहून एकत्र करते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळ्या प्रकारे बदलली असेल तर मात्र ते थांबते, दोन्ही पाठ खुणा करून फाइलमध्ये ठेवते आणि निर्णय माणसावर सोपवते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले, तेही पाठभेदांच्या अशाच तुलनेवर. हस्तलिखिते शेजारी मांडता येतात. कोणता पाठ ग्राह्य, हे विद्वानालाच ठरवावे लागते. नवशिके इथे घाबरून दोन्हींतला एक पाठ न वाचताच उडवतात. सहकाऱ्याचे दिवसभराचे काम असे एका टिचकीत जाते.

माऊसने चालणारी सुबक साधने असताना आज्ञा पाठ कशाला करायच्या, हा आक्षेप रास्त आहे. रोजच्या कामाला ती साधने पुरतातही. पण ती प्रत्येक कंपनीची निराळी असतात. आज्ञा सगळीकडे त्याच. शिवाय दूरच्या सर्व्हरवर शिरले की तिथे बहुधा काळा पडदाच असतो. काही आज्ञांची नावे गैरसोयीची होती, हेही खरे. ‘चेकआउट’ ही एकच आज्ञा शाखा बदलायला आणि फाइल पूर्वपदावर आणायला वापरली जाई. २०१९ मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन सुट्या आज्ञा आल्या. नव्याने शिकणाऱ्याने त्याच शिकाव्यात.

मराठीत काम करणाऱ्याला एक खास अडचण येते. कमिटचा संदेश देवनागरीत लिहिता येतो, फाइलचे नावही देवनागरीत चालते. पण ‘दरपत्रक’ नावाची फाइल ‘गिट स्टेटस’मध्ये आकड्यांची रांग होऊन उमटते, एकट्या ‘द’च्या जागी ३४०, २४४, २४६ असे दिसते. फाइल बिघडलेली नसते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षर तीन बाइटांचे असते आणि गिट ते तीन आकडे वेगळे छापते. सेटिंगमध्ये ‘कोअर.कोटपाथ’ची किंमत ‘फॉल्स’ केली की नाव नीट दिसते.

धोक्याच्या जागा थोड्या, पण ठाऊक असाव्यात अशा. ‘रीसेट’ला ‘हार्ड’ जोडले की नोंद न केलेले बदल कायमचे जातात. नोंद झालेले मात्र सहसा जात नाहीत. ‘गिट रीफ्लॉग’मध्ये त्यांचा माग काही आठवडे तरी राहतो. उलट अडचण याहून मोठी आहे: जे राहू नये तेही राहते. विद्यार्थ्यांनी चाचणीसाठी उत्पादकांची खरी यादी, बँक खात्यांचे क्रमांक आणि आधार क्रमांकांसह, फोल्डरमध्ये ठेवली आणि ती नोंदीत गेली, तर दुसऱ्या दिवशी फाइल पुसून पुन्हा कमिट केल्याने काही साधत नाही. कालच्या नोंदीत ती शाबूत असते, आणि फोल्डर गिटहबवर सर्वांसाठी खुले असेल तर कोणालाही वाचता येते. डेटाबेसचा पासवर्ड असा गेला तर आधी पासवर्डच बदलायचा, इतिहासाची साफसफाई नंतर. खाते क्रमांक आणि आधार क्रमांक असे बदलता येत नाहीत. म्हणून पहिल्या कमिटच्या आधीच ‘गिटइग्नोर’ नावाच्या फाइलमध्ये अशा याद्यांची नावे लिहून ठेवायची आणि चाचणीसाठी खोट्या नावांची वेगळी यादी तयार करायची.