आजोळाकडून येणारा वारसा

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी सोयरीक जुळविताना कूळ, गोत्र आणि घराण्याचा लौकिक यांची चौकशी कसोशीने होते. ही चौकशी मुख्यतः पित्याच्या वंशाची. परंतु काही आनुवंशिक विकारांचा माग तेथे लागत नाही; तो आजोळी लागतो. हिमोफिलिया हा त्यांपैकी ठळक विकार होय.

या विकारात रक्त गोठविणाऱ्या आठव्या वा नवव्या घटकाची उणीव असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीजवळ एक्स गुणसूत्रे दोन; एक सदोष असले तरी दुसरे बहुधा निभावून नेते. पुरुषाजवळ एक्स एकच, तेही आईकडून आलेले. म्हणून वाहक मातेच्या प्रत्येक मुलग्याला विकार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. विकारग्रस्त पिता आपले एक्स मुलग्यांना देतच नाही. त्याच्या सर्व मुली मात्र वाहक होतात. आजोबांचा आजार लेकीवाटे नातवात प्रकटतो तो असा. व्हिक्टोरिया राणीच्या लेकी-नातींवाटे तो रशिया व स्पेनच्या राजघराण्यांत पोचला.

आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे. विकारग्रस्त भाच्याचा मामाही विकारग्रस्त असेल, तर मामाची प्रत्येक मुलगी वाहक ठरते. अशा जोडप्याच्या मुलींनाही हा विकार जडू शकतो.

मात्र एवढ्यावरून सुनेला बोल लावणे शास्त्राला धरून नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात या विकाराचा पूर्वेतिहासच नसतो. जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो. शिवाय वाहक मातेला तो सदोष वारसा तिच्या पित्याकडूनही आलेला असू शकतो. अपराध कोणाचाच नाही.

खरी गरज वेळीच ओळखण्याची आहे. मुलाचे सांधे वारंवार सुजत असतील, दात पडल्यावर रक्त थांबत नसेल, तर शिक्षकांनी पालकांना रक्ततपासणीचा सल्ला द्यावा. अशा मुलास अॅस्पिरिन देऊ नये. डॉक्टरांना विकाराची कल्पना दिल्यावाचून स्नायूत सुईही टोचू देऊ नये. निवडक सरकारी रुग्णालयांत घटकाची इंजेक्शने मोफत मिळतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे.

सोयरिकीच्या बैठकीत आजोळच्या आजारांची विचारपूस व्हावी. ती नकार देण्यासाठी नव्हे, तर येणाऱ्या बाळाच्या काळजीसाठी.