गाजलेल्या सिनेमांचे हक्क तारण, एका सिनेमात दिवाळं : विनोदवीर जाक ताती यांचा हिशेब

मिस्टर बीन आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. फारसं न बोलता, नुसत्या हालचालींवर हसवणारा माणूस. पण बीनचं काम करणारे रोवन ॲटकिन्सन यांनी ज्याचा आपल्यावर प्रभाव असल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे, तो मस्यू हुलो मात्र इकडे फारसा कुणाला माहीत नाही. मस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये श्रीयुत. उंचापुरा देह, घोट्याच्या वर राहणारी विजार, तोंडात पाइप, हातात छत्री आणि पुढे झुकून उड्या घेत चालल्यासारखी चाल. तो कुणाचं वाईट करत नाही, पण जाईल तिथं काहीतरी सांडतं, मोडतं नाहीतर अडकतं.

हा हुलो ज्यांनी लिहिला, साकारला आणि दिग्दर्शित केला ते फ्रेंच दिग्दर्शक म्हणजे जाक ताती. पूर्ण लांबीचे सिनेमे केले फक्त सहा. त्यात एकाला ऑस्कर मिळालं आणि एकाने त्यांना कर्जात बुडवलं. गंमत म्हणजे ज्या सिनेमाने बुडवलं, तोच आज त्यांचा सर्वांत मोठा मानला जातो. हे कसं झालं, ते जरा क्रमाने बघू.

फ्रेमच्या धंद्यातून रंगमंचावर

ताती यांचं खरं आडनाव तातिशेफ. जन्म ९ ऑक्टोबर १९०७, पॅरिसजवळच्या ल पेक या गावी. वडिलांकडचं घराणं रशियन, आजोबा पॅरिसमधल्या रशियन वकिलातीत लष्करी अधिकारी. आईकडच्या घरात चित्रांना चौकटी करण्याचा चांगला चाललेला धंदा होता. जाकनेही तोच धंदा पुढे न्यावा अशी घरच्यांची अपेक्षा होती आणि काही काळ ते तिथं कामही शिकले.

पण पोरगा रमला रग्बीत. सामना संपला की ताती खेळाडूंच्या, पंचांच्या नकला करून सगळ्यांना लोळवायचे. त्यातूनच त्यांनी रंगमंचावर एक कार्यक्रम बसवला. टेनिसपटू, मुष्टियोद्धा, घोडेस्वार, सगळे एकटेच आणि अंगविक्षेपातून दाखवायचे. घोडा आणि त्यावरचा स्वार दोन्ही एकाच शरीरात दिसायचे म्हणे. १९३६ मध्ये प्रसिद्ध लेखिका कोलेत यांनी त्यांच्या या कलेचं भरभरून कौतुक केलं आणि नाव झालं. चौकटींचा धंदा मागे पडला तो कायमचा.

पहिलाच सिनेमा, आणि रंगच गायब

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताती काही दिवस मध्य फ्रान्समधल्या सेंत-सेव्हेर या खेड्यात राहिले होते. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये त्याच गावात, गावकऱ्यांनाच सोबत घेऊन त्यांनी पहिला मोठा सिनेमा चित्रित केला. नाव 'झूर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस. गावच्या जत्रेत तंबूत एक माहितीपट दाखवतात, अमेरिकेत टपाल किती झटपट पोचतं याचा. तो बघून गावचा पोस्टमन पेटून उठतो आणि सायकलवरून अमेरिकन वेगाने पत्रं वाटायला निघतो. पुढं काय होत असेल याचा अंदाज आपल्याला येईलच.

हा सिनेमा रंगीत करायचा होता. त्यासाठी थॉमसनकलर नावाची नवी फ्रेंच पद्धत वापरली. पण चित्रण झाल्यावर त्या फिल्मवरून रंगीत प्रत काढणं काही जमेना. नशीब असं, की खबरदारी म्हणून शेजारी दुसरा कॅमेरा लावून कृष्णधवल चित्रणही करून ठेवलेलं होतं. त्यावरूनच १९४९ मध्ये सिनेमा लागला, चालला, व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं बक्षीसही मिळवलं. म्हणजे नव्या तंत्रावर भिस्त ठेवली, पण हाताशी दुसरी सोयही ठेवली. ही सावधगिरी पुढं राहिली नाही, म्हणून हा तपशील लक्षात ठेवा.

हुलो आला

१९५३ मध्ये आला 'मस्यू हुलोची सुट्टी'. समुद्रकाठचं छोटं हॉटेल, सुट्टीला आलेली मध्यमवर्गीय मंडळी आणि खटारा गाडीतून फटफटत येणारा हुलो. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. एक प्रसंग सांगतो. हुलोची गाडी स्मशानाशी बंद पडते. तो टायरची ट्यूब बाहेर काढतो, ती ओल्या पानांवर पडते, पानं चिकटतात. अंत्यविधीला जमलेल्यांना वाटतं, हा पुष्पचक्र घेऊन आला. झालं, ट्यूब फुलांसोबत मानाने टांगली जाते आणि हुलोला लोकांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

ताती यांचा विनोद असा होता. कुणी कुणाच्या थोबाडीत मारत नाही, कुणाचा अपमान नाही. आपण रोज बघतो त्याच गोष्टी, फक्त एका बाजूने सरकवलेल्या. संवाद जवळपास नसल्यातच जमा. उलट आवाजावर फार मेहनत. दाराची करकर, बुटांची टकटक, खुर्चीतून निघणारी हवा, हे सगळं ते नंतर वेगळं ध्वनिमुद्रित करून बसवत. त्यामुळे या सिनेमांना भाषेची अडचण येत नाही. घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय वेगळी सांगायला नको.

हे चित्रण झालं त्या सें-मार्क गावी आज समुद्राकडे बघत उभा असलेला हुलोचा पुतळा आहे.

'माझा मामा' आणि ऑस्कर

१९५६ मध्ये ताती यांनी स्पेक्टा फिल्म्स ही स्वतःची कंपनी काढली आणि १९५८ मध्ये 'मों ओंक्ल' हा सिनेमा दिला. फ्रेंचमध्ये काका आणि मामा दोघांना एकच शब्द. पण सिनेमातला हुलो हा मुलाच्या आईचा भाऊ, तेव्हा मराठीत नाव 'माझा मामा' असंच होईल.

बहिणीचं घर अगदी आधुनिक. बटणावर चालणारं स्वयंपाकघर, बसायला नको वाटतील अशा खुर्च्या, अंगणात माशाच्या आकाराचं कारंजं. हे कारंजं फक्त खास पाहुणे आले की सुरू करायचं. दारावर कोण आलंय बघायचं, आपलंच माणूस असेल तर लगेच बंद! मामा मात्र जुन्या वस्तीत, वेड्यावाकड्या जिन्यांच्या इमारतीत राहतो. भाच्याला अर्थातच मामा आवडतो.

या सिनेमाला कान महोत्सवात ज्युरींचं विशेष पारितोषिक आणि त्यापाठोपाठ परकीय भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पन्नाशीला आलेल्या ताती यांच्याकडे आता नाव होतं, पैसा होता आणि स्वतःची कंपनी होती. इथपर्यंतचा ताळेबंद उत्तम.

एका सिनेमासाठी शहर

पुढच्या 'प्लेटाइम'साठी ताती यांना हवं होतं आधुनिक पॅरिस. काच, पोलाद, सारख्याच दिसणाऱ्या इमारती, विमानतळ, कचेऱ्या. खऱ्या शहरात महिनोन्‌महिने रस्ते अडवून चित्रण करणं शक्य नव्हतं. मग पॅरिसच्या आग्नेय कडेला सुमारे १५ हजार चौरस मीटर जागेवर त्यांनी शहरच उभं केलं. त्याला लोक 'तातीविल' म्हणू लागले. त्याला स्वतःचं वीजकेंद्र होतं. काही इमारती रुळांवरून सरकवता येत. मागच्या गर्दीत काही ठिकाणी चक्क कापून उभी केलेली माणसांची चित्रं होती.

१९६४ मध्ये सुरू झालेलं काम १९६७ पर्यंत रेंगाळलं. वादळाने सेटचं नुकसान केलं. पैसे संपले की चित्रण थांबायचं, पैसे आले की पुन्हा सुरू. आणि ताती काही मनासारखं झाल्याशिवाय पुढं सरकत नसत. त्यात सगळं चित्रण ७० मिलिमीटर या रुंद आणि महागड्या फिल्मवर.

पैसा नेमका कुठं अडकला?

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे माझं लक्ष इथंच जास्त जातं. मर्यादित कंपनीचा एक मोठा फायदा असतो : धंदा बुडाला तर कंपनी बुडते, मालकाचं घर सहसा वाचतं. पण मालकाने स्वतः जामीन राहून कर्ज उचललं की ही भिंत पडते. ताती यांनी नेमकं तेच केलं. वैयक्तिक हमीवर कर्ज काढलं आणि आधीच्या सिनेमांचे हक्क तारण ठेवले. म्हणजे जुनी, दरवर्षी उत्पन्न देणारी झाडं एका नव्या रोपासाठी गहाण टाकली.

सिनेमा डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसला लागला. समीक्षकांपैकी काहींनी डोक्यावर घेतला. प्रेक्षक मात्र गोंधळले. त्यांना हुलो हवा होता आणि इथं हुलो गर्दीतला एक. नायक नाही, गोष्ट नाही, जवळून घेतलेले चेहरे नाहीत. पडद्याच्या चार कोपऱ्यांत एकाच वेळी चार गमती चाललेल्या, कुठं बघायचं ते तुम्हीच ठरवा. शिवाय ७० मिलिमीटर दाखवू शकणारी थिएटरं मुळात मोजकी आणि ताती साध्या प्रती काढायला सुरुवातीला तयार होईनात. दोन तासांहून बराच मोठा सिनेमा त्यांनी नंतर कापला, पण उशीर झाला होता. अमेरिकेत तो लागायला १९७३ साल उजाडलं. तोवर व्याज काही थांबलं नव्हतं.

लिलाव

कर्ज फिटेना. सें-जेर्मेंचं राहतं घर गेलं. कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि १९७४ मध्ये तिचे सिनेमांचे हक्क लिलावात साधारण १ लाख २० हजार फ्रँकला विकले गेले. तातीविल तर चित्रण संपल्यावरच पाडून टाकलं होतं. एवढं मोठं शहर भाड्याने देऊन, इतर निर्मात्यांना वापरू देऊन थोडा खर्च वसूल करता आला असता, ही ताती यांची आशाही त्याबरोबर गेली.

ऑस्कर मिळवलेल्या माणसाला स्वतःचेच सिनेमे दाखवायचा अधिकार उरला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. १९७१ मध्ये 'त्राफिक' केला, त्यात हुलो मोटारी तयार करणाऱ्या कंपनीत नोकरी करतो आणि नवी गाडी घेऊन ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनाला निघतो. १९७४ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी सर्कशीवरचा 'पराद' केला. पोटासाठी जाहिरातीही केल्या. १९७७ मध्ये फ्रेंच चित्रसृष्टीने सेझार हा मानाचा पुरस्कार देऊन गौरव केला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

लेकीने फेडलेलं देणं

मुलगी सोफी तातिशेफ स्वतः चित्रपट संकलक. पहिल्या सिनेमाची ती न उमटलेली रंगीत फिल्म जपून ठेवलेली होती. सोफी यांनी तंत्रज्ञांच्या मदतीने तिच्यावर काम केलं आणि १९९५ मध्ये, चित्रणानंतर जवळपास ४८ वर्षांनी, 'झूर द फेत' रंगीत लागला. पुढं २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत कंपनी स्थापन करून वडिलांच्या सिनेमांचे हक्क एकत्र आणले. नाव ठेवलं, 'माझ्या मामाचे सिनेमे'. त्याच वर्षी सोफीही गेल्या. २००२ मध्ये 'प्लेटाइम'ची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा मोठ्या पडद्यावर आली. २०१० मध्ये ताती यांच्या चित्रित न झालेल्या एका पटकथेवरून सिल्व्हें शोमे यांनी 'द इल्युजनिस्ट' हा ॲनिमेशनपट केला.

आणि 'प्लेटाइम'? ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने २०२२ मध्ये जगभरच्या समीक्षकांना विचारून सार्वकालिक उत्तम चित्रपटांची यादी काढली, त्यात तो पहिल्या २५ मध्ये आहे. बँकेच्या दृष्टीने बुडीत खात्यातला माल, आणि पंचावन्न वर्षांनी ही किंमत. पण ती किंमत ताती यांच्या हयातीत त्यांच्या खात्यावर जमा झाली नाही, हेही तितकंच खरं. चांगलं काम टिकतं, हे खरं असलं तरी हप्त्याची तारीख त्यासाठी थांबत नाही. लिहिणारे, गाणारे, नाटक करणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. आपल्या कामाचे हक्क कुणाकडे आहेत आणि कोणत्या कागदावर आपली सही आहे, एवढं तरी त्यांनी बघून ठेवावं.

सुरुवात कुठून करावी?

एकदम 'प्लेटाइम' लावू नका, कंटाळाल. आधी 'मस्यू हुलोची सुट्टी', घरातल्या लहानांना सोबत घेऊन. मग 'माझा मामा'. हुलोची चाल ओळखीची झाली की 'प्लेटाइम', आणि तो मोबाइलवर नको, मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा. शेवटाकडचं हॉटेल बघा : उद्घाटनाच्या रात्रीच फरशी उखडते, छत खाली येतं आणि जसजसं हॉटेल मोडत जातं तसतशी अनोळखी माणसं एकमेकांशी हसू-बोलू लागतात. ताती यांनी घर गहाण टाकून उभी केलेली जागा ती हीच.