पिकअपमधला माणूसही वजनातच!



लागणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडची मजूर मंडळी माळशेज घाट चढून आपल्याकडे कामाला येतात. आपल्या पिकअप गाड्याही भाजीपाला घेऊन त्याच घाटाने मोरोशी, टोकावडे करत मुरबाडला उतरतात. काही कल्याणच्या बाजाराला जातात, तर काही सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला वळतात. गाडी चाललीच आहे तर चार माणसे बसली, असा सगळा हिशेब. हटकले तर उत्तर ठरलेले : "साहेब, माणसांचं असं कितीसं वजन?" म्हणूनच हा लेखप्रपंच.

गाडीच्या आर. सी. वर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरे गाडी, माल व माणसे धरून जास्तीत जास्त वजन. वजाबाकी करून उरेल ती क्षमता. गोम अशी की, मोटार वाहन कायदा, 1988 मधील व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि किन्नर धरलेले नाहीत. म्हणजे ड्रायव्हर जागेवर बसला की तेवढा माल कमी झालाच.

समजा, गाडीचे भरलेले वजन 2,950 किलो आणि रिकामे 1,650. क्षमता 1,300. माणशी 65 किलो धरा. एकट्या ड्रायव्हरने गाडी नेली तर 1,235 किलो माल बसतो. एकराच्या लागणीला दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी, म्हणजे अंदाजे अडीच टन बेणे लागते. ते दोन खेपांत जवळजवळ भागते. त्याच गाडीत सहा मजूर बसवले की 390 किलो गेले, राहिले 845. आता खेपा तीन हव्यात. पण तिसरी खेप करतो कोण? बेणे दोनच खेपांत दडपले जाते आणि दर खेपेला चार क्विंटल जादा वजन चाकांवर पडते. पाट्याला जादा पाती घालून क्षमता वाढते, हा समज चुकीचा. गाडी बसत नाही एवढेच. ब्रेक, टायर, एक्सल जुनेच असतात.

केबिनमधल्या माणसाचे वजन बरेचसे पुढच्या चाकांकडे जाते. हौद्यात मालावर बसलेल्याचे तसे नाही. तो भाराचा मध्य वर उचलतो, वळणावर गाडी कलंडायला मदत करतो. फळक्याशी, मागच्या चाकांच्याही मागे बसला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग हलके लागते. माळशेजच्या उतारावर सारखा ब्रेक दाबून ड्रम तापले, की ही जादा चार क्विंटलच गाडी थांबू देत नाहीत. तिथे दुसऱ्या गिअरला पर्याय नाही, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.

दंडाचे म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण आम्हाला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. 1994 च्या दुरुस्तीपासून मालगाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्यात धरला जातो. वाटेत हात केला म्हणून फुकट बसवलेल्या माणसाची जबाबदारी मात्र विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल आहे. उद्या काही विपरीत घडले तर भरपाईसाठी मालकाचा सातबारा पुढे येतो.

काट्यावरही हाच प्रश्न निघतो. भरलेली गाडी काट्यावर चढताना टोळीतले चौघे वर बसलेले आणि रिकामी मोजताना उतरलेले, असे झाले तर अडीच क्विंटलहून जास्त 'ऊस' फुकटचा चढतो. उलट झाले तर तेवढा उत्पादकाचा मार खातो. दोन्ही वेळा सर्वांनी खाली उतरावे, ड्रायव्हरनेसुद्धा.

मजुरांना एस.टी.ने किंवा प्रवासी जीपने आणावे. भाडे जाते खरे, पण वर दाखवलेली तिसरी खेप वाचते. ज्यांना आपल्या गाडीचा हिशेब करून हवा असेल त्यांनी आर. सी. घेऊन आमच्याकडे यावे. येताना ताडपत्री, दोर, स्टेपनी, जॅक गाडीतच असू द्या. पावसात भिजलेली ताडपत्रीसुद्धा काट्यावर आपला आकडा दाखवते.