चूक कोणी कळवायची, कोणी निस्तरायची?

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा मनुष्य बहुधा सर्व काही सुरळीत होईल असे गृहीत धरून लिहीत असतो. फाइल जागेवर असेल, आकड्यांच्या जागी आकडेच असतील, भाजक शून्य नसेल. प्रत्यक्षात असे नेहमीच घडत नाही. अशा वेळी आज्ञावलीने काय करावे, या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे आजही शेजारी शेजारी वापरात आहेत.

पहिले उत्तर युनिक्स प्रणालीतील ‘शेल’मध्ये पाहावयास मिळते. शेल ही स्क्रिप्टिंग भाषा आहे; म्हणजे तयार साधने एकामागून एक जोडून कामे उरकण्याची भाषा. तेथे प्रत्येक आज्ञा काम आटोपताना एक संख्या मागे ठेवते. ० म्हणजे यश, अन्य कोणतीही संख्या म्हणजे अपयश. पद्धत सुटसुटीत आहे. पण त्या संख्येची चौकशी कोणी केली तरच तिचा उपयोग. न केल्यास शेल निमूटपणे पुढच्या ओळीकडे वळते. पहिल्या ओळीत ‘जुन्या कागदपत्रांच्या कप्प्यात जा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘येथील सर्व फाइली पुसून टाक’ असे लिहिले आहे, असे समजा. कप्प्याचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले. पहिली आज्ञा फसते, तशी संख्याही मागे ठेवते. मात्र तिच्याकडे कोणी पाहत नाही. दुसरी आज्ञा अमलात येते आणि जेथे उभी आहे तेथील सर्व फाइली पुसून टाकते. पहिल्या अपयशाबरोबर थांबण्याचा हुकूम शेलला देता येतो, पण तो आठवणीने द्यावा लागतो.

दुसरे उत्तर म्हणजे ‘अपवाद’. पीएल/वन या भाषेत १९६०च्या दशकात त्याची सुरुवात झाली होती. पुढील दशकात बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सीएलयू ही भाषा घडवताना त्याला रेखीव रूप दिले. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन या भाषेत तर ही सोय पहिल्या आवृत्तीपासूनच आहे.

एका ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तके उशिरा परत करणाऱ्या सभासदांचे विलंबशुल्क काढण्यासाठी पायथनमध्ये आज्ञावली लिहिली आहे. मुख्य भाग ‘शुल्क काढ’ या उपभागाला बोलावतो आणि तो ‘दिवस वाच’ या उपभागाला. नोंदीत १२ असे देवनागरी अंकांत लिहिले असले तरी पायथनला ते वाचता येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पण कोणी ‘बारा’ असे अक्षरी लिहिले असेल, तर ‘दिवस वाच’ या उपभागाचे काम तेथेच खुंटते. संख्या परत देण्याऐवजी तो चूक वर पाठवतो. या कृतीला पायथनमध्ये ‘रेझ’ म्हणतात, आणि या विशिष्ट चुकीचे नाव ‘व्हॅल्यूएरर’.

पुढचा प्रवास कचेरीतील फाइलीसारखा असतो. कारकुनाला निर्णय घेता येत नाही, म्हणून फाइल हेडक्लार्ककडे जाते. त्यालाही अधिकार नसेल तर आणखी वर. प्रत्येक पायरीवरचे अपुरे काम तसेच सोडून दिले जाते. ज्या पायरीने ‘या जातीची चूक मी हाताळीन’ असे आधीच लिहून ठेवले असेल, तेथे हा प्रवास थांबतो. धोक्याची ओळ ‘ट्राय’खाली लिहायची आणि चूक आलीच तर करावयाचे काम ‘एक्सेप्ट’खाली, अशी ही रीत आहे. चूक होवो वा न होवो, उघडलेली फाइल मिटण्यासारखी जी कामे केलीच पाहिजेत, ती ‘फायनली’खाली येतात. चुकीची जबाबदारी कोणीच घेतली नाही तर आज्ञावली बंद पडते आणि पडद्यावर त्या प्रवासाचा सबंध वृत्तान्त उमटतो. नवशिक्या माणसाला तो पाहून धडकी भरते. वास्तविक तो खालून वर वाचावा: शेवटच्या ओळीत चुकीची जात असते, तिच्या वर घटनास्थळ.

यंत्राला दिसणार नाहीत अशाही चुका असतात. दिवसांच्या जागी उणे ५ असेल, तर संख्या म्हणून त्यात काहीच वावगे नाही. पुस्तक उणे पाच दिवस उशिरा येत नाही, हे माणसाला कळते. तेथे आज्ञालेखकाने स्वतःच ‘रेझ’ लिहून चूक वर पाठवली पाहिजे.

खरी कसोटी लागते ती चूक कोठे थांबवावी हे ठरवताना. ‘दिवस वाच’ या उपभागाला सभासदाचे नावही ठाऊक नसते. त्याने चूक थांबवून ० परत दिले, तर शुल्क गुपचूप माफ होते. मुख्य भागाला मात्र नोंदीचा क्रमांक माहीत असतो. तो ती नोंद बाजूला काढून ग्रंथपालाला दाखवू शकतो. याहून घातक सवय म्हणजे जातीचा उल्लेख न करता कोरे ‘एक्सेप्ट’ लिहून त्याखाली काहीच न करणे. त्यात आज्ञालेखकाची स्वतःची चूकही गिळली जाते. इतकेच नव्हे, तर आज्ञावली थांबवण्यासाठी वापरणाऱ्याने कळफलकावरून दिलेला इशाराही त्यातच नाहीसा होऊ शकतो. बेरीज येते, ती चुकीची असते, आणि तशी शंका यावी असे पडद्यावर काहीही नसते.

म्हणून ‘शंका आली की थांबा’ हा नियम सरसकट लावावा काय? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण आपल्या पहिल्या उड्डाणाला निघाले. त्याची आज्ञावली स्क्रिप्टिंग भाषेत नसून एडा या भाषेत होती. अपवादाचे तत्त्व तेच. दिशादर्शक यंत्रणेचा एक भाग एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवली जाई, म्हणजे ३२,७६७ हून मोठी संख्या तेथे मावत नसे. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने संख्या मावली नाही आणि अपवाद उठला. तो हाताळणारे कोणी नव्हते. अपवाद उठल्यास संगणकाने बंद व्हावे आणि राखीव संगणकाने काम पाहावे, अशी योजना होती. परंतु राखीव संगणकातही तीच आज्ञावली होती आणि तो क्षणभर आधीच बंद पडला होता. बंद पडताना मुख्य संगणकाने पाठवलेला बिघाडाचा तपशील उड्डाणाची माहिती समजून वाचला गेला, आणि अग्निबाण एकाएकी वळले. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, चार क्लस्टर उपग्रहांसह ते नष्ट झाले. ज्या गणिताने हे घडवले त्याची उड्डाणानंतर एरियन-५ ला गरजच नव्हती.

जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अहवाल दिला. दिशादर्शक यंत्रणेसारख्या कोणत्याही संवेदकाने, बिघाड झाला तरी, शक्य तितकी चांगली माहिती देणे थांबवू नये, अशी त्यातील एक शिफारस होती. ग्रंथालयाची आज्ञावली बंद पडली तर नोंद दुरुस्त करून ती दुपारी पुन्हा चालवता येते.